वॉर्ड कोणाच्या भरवशावर चालतो?

रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस चावली आणि घरच्यांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात आणलं, की तिथली सर्वांत मोलाची तपासणी यंत्राशिवाय आणि विजेशिवाय होते. सिस्टर शिरेतून दोन मिली रक्त काढते, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालते, नळी स्टँडला उभी ठेवते आणि वेळ लिहून ठेवते. वीस मिनिटं त्या नळीला कोणी हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून घट्ट बसलं असेल, तर विषाने अजून रक्ताचं काही बिघडवलेलं नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर सापाच्या विषावरची लस लगेच सुरू करायची. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत ती नीट होत नाही. साबणाच्या पावडरीने धुतलेली नळीही चालत नाही. तसं झालं तर निरोगी रक्तही न गोठलेलं दिसतं आणि गरज नसलेल्या माणसाला लस जाते.

लस लागली म्हणजे काम संपलं, असंही नाही. ती घोड्याच्या रक्तातून तयार होते, त्यामुळे काहींच्या अंगाला मानवत नाही. अंगावर गांधी उठणं, खाज, हुडहुडी, उलटी आणि मग एकदम घसरणारा रक्तदाब, हे सगळं काही मिनिटांत घडू शकतं. म्हणून सलाईन सुरू करण्याआधीच अॅड्रेनलिन हाताशी काढून ठेवलेलं असतं. पुढे दर सहा तासांनी पुन्हा नळीची तपासणी. हिरड्यांतून रक्त येतंय का? लघवी किती झाली, तिचा रंग कसा आहे? घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं, त्यामुळे लघवीचं माप हे तिथे औषधाइतकंच महत्त्वाचं. साप ओळखू आला नसेल तर पापण्या जड होताहेत का, मान उचलता येते का, तेही बघायचं. ही नागाच्या किंवा मण्याराच्या विषाची खूण. लस द्यायचा निर्णय डॉक्टरांचा असतो. पण पुढची अख्खी रात्र त्या रुग्णाकडे बघत राहणं, काय बदललं ते वेळेत ओळखणं आणि डॉक्टरांना कधी उठवायचं ते ठरवणं, हे सगळं सिस्टरकडे असतं.

आधुनिक आरोग्यसेवेत नोंदणीकृत परिचारिकेचं काम काय, या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे. ती निर्णय घेते. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, पट्टी बदलणं ही तिच्या हातची कामं आपल्याला दिसतात. त्यामागे चाललेलं निरीक्षण आणि डोकं आपल्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची किंमत आपण समाज म्हणून आणि सरकार म्हणूनही फार कमी लावतो. अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात ही गोष्ट जितकी स्वच्छ समजते तितकी क्वचितच कुठे समजेल.

‘नोंदणीकृत’ म्हणजे काय, ते आधी पाहू. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करायचं, परीक्षा पास व्हायचं आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवायचं. नावापुढे आरएन आणि आरएम ही दोन्ही बिरुदं लागतात. एक परिचर्येचं, दुसरं प्रसूतीच्या कामाचं. दोन वर्षांचा एएनएम केलेली आरोग्य सेविका तिच्या स्वतंत्र नोंदवहीत असते. आपल्याकडे ही पद्धत १९३५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने आली, १९४७ मध्ये देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि २०२३ मध्ये त्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. नोंदणीचा अर्थ सोपा आहे. या बाईला किंवा या पुरुषाला औषधाची मात्रा कळते, जंतुसंसर्ग कसा टाळायचा ते कळतं, आणि चूक झाली तर जाब विचारायला एक संस्था आहे.

नगरला या कामाची जुनी पार्श्वभूमी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाण मांडलं. सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा इथल्याच. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण नगरला फॅरारबाईंकडे घेतलं. त्याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ, डॉक्टर झालेल्या यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत राहिल्या आणि त्याच प्लेगने गेल्या. त्या परिचारिका म्हणून शिकलेल्या नव्हत्या, पण संसर्ग झालेल्याला हात लावायला घरचे तयार नसताना त्याला उचलून आणायचं, हे या व्यवसायाचं मूळच त्यांनी दाखवून दिलं. पुढे नगरमध्ये मिशनचं बायका-मुलांचं रुग्णालय आलं. आज शहर ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतं ते साल्व्हेशन आर्मीचं इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटलही मिशनकार्यातूनच उभं राहिलं. महाराष्ट्रात या पेशात आधी आल्या त्यांत ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने होत्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, विटाळ मानायचा नाही, रात्री घराबाहेर राहायचं, हे इतरांच्या घरात बसत नव्हतं. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झाल्यावर रमाबाई रानडे यांनी हिंदू घरांतल्या बायकांना, त्यातही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा त्यांनाही समाजाचं बोलणं ऐकावं लागलं. ते बोलणं आजही पुरतं थांबलेलं नाही. मुलगी नर्स आहे म्हटल्यावर रात्रपाळीबद्दल विचारणारी स्थळं अजून येतात.

आता याच जिल्ह्यातलं जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरला शिकले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केलं. तालुका कायम दुष्काळी, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तर महाराष्ट्राने पाहिलेला मोठा दुष्काळ. सुरुवातीला त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. आरोळे दांपत्याची पहिली कल्पना आज आपण करू तशीच होती: गावोगाव एकेक एएनएम ठेवायची, ती गावात राहील आणि लोकांना सेवा देईल.

ती कल्पना चालली नाही, आणि का चालली नाही ते समजून घेण्यासारखं आहे. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी सुरक्षित नव्हती. गावालाही ती परकी वाटत होती. तिची भाषा, कपडे, शिक्षण सगळंच वेगळं. बाळंतिणीला काय खायला घालायचं हे सासू ठरवते, आणि सासू त्या मुलीचं ऐकणार नव्हती. तेव्हा आरोळ्यांनी गावातल्याच बाया ग्राम आरोग्य सेविका म्हणून निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या आणि गावी परतायच्या. परिचारिकेची भूमिका तिथे संपली नाही, उलट वाढली. फिरत्या पथकातून गावात जाणं, ग्राम आरोग्य सेविकेने पाहिलेली जोखमीची गरोदर बाई पुन्हा तपासणं, तिला पटेल अशा शब्दांत शिकवणं आणि तिच्या आवाक्याबाहेरचं काम वेळेवर पुढे पाठवणं, हे काम नर्सकडे आलं. डॉक्टर आणि गाव यांच्यामधला दुवा ती झाली. १९९० च्या दशकात बालमृत्यूचं तिथलं प्रमाण हजारी विशीच्या आसपास आलं होतं. १९७५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग घेतला, १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या आशाताई २००५ नंतर आल्या. जामखेडच्या बाया त्यांच्या कितीतरी आधीच्या.

जामखेडचं कौतुक करताना आपण ग्राम आरोग्य सेविकेची गोष्ट सांगतो आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या नर्सला विसरतो. निरक्षर बाईला शिकवता येण्यासाठी शिकवणारीला विषय पक्का यावा लागतो. आज आशाताईंच्या मागे आरोग्य सेविका, आरोग्य सहायिका, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका आणि २०१८ नंतर आलेले समुदाय आरोग्य अधिकारी उभे आहेत. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये नर्सिंग केलेलेही पुष्कळ आहेत. उपकेंद्रात रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी आणि नेहमीची औषधं देणं हे त्यांचं काम. डॉक्टर नसलेल्या जागी शिकलेल्या नर्सवर सरकारने उघडपणे भरवसा ठेवला, ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटर. चौदा तालुके. २०११ ला लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या वर होती. एका टोकाला अकोले तालुक्यातली रतनवाडी, साम्रद, घाटघर ही पावसात तुटणारी गावं, दुसऱ्या टोकाला जामखेड आणि पाथर्डीचं माळरान. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा सरकारी हिशोब. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडची माणसं टायरगाडी, ट्रॅक्टर घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि संगमनेर, राहाता, नेवासा, कोपरगावच्या कारखान्यांभोवती कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, नवी वस्ती बसते. त्या कोपीतल्या चार महिन्यांच्या बाळाचा तिसरा डोस कुठे गेला? गावाकडच्या यादीत ते गैरहजर, इकडच्या यादीत त्याचं नावच नाही. माता-बाल संरक्षण कार्ड आईने गाठोड्यात आणलं असेल तर ठीक, नाहीतर आईला विचारून, दंडावरची बीसीजीची खूण बघून आरोग्य सेविका तारखा जुळवते. दीड, अडीच आणि साडेतीन महिने हे पेंटाव्हॅलंटचे तीन टप्पे, नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला.

तिच्या खांद्यावरच्या लसवाहक डब्यात गोठवून मग बेताने वितळवलेले बर्फाचे चार पॅक असतात, कारण लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते. प्रत्येक कुपीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होतो. तो भोवतालच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी टाकायची. गोवर-रुबेलाची कुपी एकदा पाणी घालून तयार केली, की चार तासांत संपवायची किंवा फेकायची. उरली म्हणून दुपारी वापरली तर तिच्यात जंतू वाढलेले असू शकतात आणि बाळ दगावू शकतं. आता समजा, कुपीत पाच बाळांची लस आहे आणि कोपीवर एकच बाळ आलंय. कुपी फोडायची का? फोडायचीच, असं नियम सांगतो आणि चांगली सेविका तेच करते. वाया गेलेल्या चार डोसांचा हिशोब नंतर लिहिता येतो. उद्या टोळी दुसऱ्या फडावर गेली की बाळ हाती लागत नाही.

बाळंतपणाच्या खोलीतही घड्याळ असंच महत्त्वाचं. आपल्या देशात माता दगावतात त्याचं सर्वांत मोठं कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. म्हणून बाळ बाहेर आलं, की एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटं. मग वार नीट आणि पूर्ण आली का ते पाहणं, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट होतंय का ते चाचपणं. मऊ लागलं तर चोळायचं आणि पुढची हालचाल सुरू करायची. कळा सुरू असताना ती पार्टोग्राफ नावाच्या आलेखावर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके भरते, ठरल्या वेळेला गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते भरते. रेघ सावधानतेच्या रेषेपलीकडे गेली की १०८ ला फोन. प्राथमिक केंद्रातून नगरच्या सिव्हिलला किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयाला पोचायला किती वेळ लागेल, हे तिच्या डोक्यात पक्कं असावं लागतं. उशिरा पाठवलेली बाई वाटेत जाते. लवकर पाठवली तर घरचे चिडतात, कारण त्यांचा खर्च होतो. रोज असा तोल सांभाळणारी माणसं आपल्या गावात आहेत, याची गावाला फारशी कल्पना नसते.

मोठ्या रुग्णालयात प्रश्न बदलतो. तिथे कळीचा मुद्दा संख्येचा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी आणि अतिदक्षता विभागात एकास एक. प्रत्यक्षात तीस-चाळीस खाटांचा वॉर्ड, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या आणि रात्रपाळीला एक सिस्टर, हे सरकारी रुग्णालयात नेहमीचं. याचा परिणाम मोजला गेला आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे रुग्णालयांमधल्या चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती शक्यता सात टक्क्यांनी कमी होते, हेही दिसलं. तिथे एका नर्सकडे सरासरी पाच ते तेरा रुग्ण होते. आपल्याकडच्या चाळीस रुग्णांचा हिशोब कोणी करावा?

संख्या पुरेशी असेल आणि मन लावून काम झालं तर काय होतं, याचा दाखला मुंबईच्या केईएममध्ये आहे. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग ही तिथलीच परिचारिका बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होती. दिवसभर एकाच कुशीवर पडलेल्या माणसाला काही तासांत पाठीला, माकडहाडाला जखम सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची सुरकुतीही राहू न देणं, त्वचा कोरडी ठेवणं, एवढाच त्यावर उपाय. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण अरुणाला शय्याव्रण होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेची मुद्दाम दखल घेतली. वैद्यकशास्त्राकडे तिला देण्यासारखं काही उरलं नव्हतं, परिचर्येकडे होतं.

नगर शहराला मात्र एक वेगळी तारीख विसरता येणार नाही. ६ नोव्हेंबर २०२१, दिवाळीचे दिवस. जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान अकरा रुग्ण गेले. काही दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. कोणाचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे आणि गेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळायलाच हवं. पण मला त्या घटनेत या पेशाची सगळी अडचण दिसते. वॉर्डमधली वायरिंग कशी केली, पाण्याचे फवारे आहेत की नाहीत, आग विझवण्याच्या यंत्रणेवर खर्च कधी होणार, यातल्या एकाही गोष्टीवर परिचारिकेची सही लागत नाही. जबाबदारीचं नाव मात्र तिचं पहिल्या यादीत येतं. अधिकार न देता जबाबदारी द्यायची, ही आपली जुनी खोड आहे.

त्याच्या जोडीला पदं रिकामी ठेवायची आणि भरायची तर कंत्राटाने. बाह्य यंत्रणेमार्फत भरतीच्या विरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिका २०२२ मध्ये संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांचे हाल झाले म्हणून त्यांना बोल लावले गेले. मागणी काय होती ते थोड्यांनीच वाचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुली जाणारच, आणि जावंही. त्यांना भाषा शिकवून, नीट पगार आणि ठरलेले तास देऊन नेणारा देश त्यांची किंमत ओळखतो. खेडेगावातल्या काही खासगी दवाखान्यांत मात्र दहावी-बारावी झालेली मुलगी पांढरा किंवा निळा ड्रेस घालून सलाईन लावते, आणि आपण तिलाही सिस्टर म्हणतो. तिचा दोष नाही. कमी पगारात तिला राबवलं जातं. पण तिला नळीतलं रक्त वाचता येत नाही आणि अॅड्रेनलिन कधी द्यायचं ते कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. घरचं माणूस दवाखान्यात भरती करताना आपण एसी खोली आहे का आणि बिल किती येईल हे विचारतो. त्याबरोबर हेही विचारा की रात्री किती परिचारिका असतात आणि त्यांची परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. आणि पुढच्या ग्रामसभेत आपल्या उपकेंद्राचा विषय काढा. सिस्टर राहते त्या खोलीला पाणी आहे का, दाराला आतून नीट कडी आहे का, बाहेर रात्री दिवा लागतो का, याची चौकशी करा आणि नसेल तर ग्रामपंचायतीच्या निधीतून ते करून घ्या. जामखेडला १९७० मध्ये एएनएम गावात राहू शकली नाही, त्याच्या कारणांपैकी एवढी तरी आपल्याला यंदाच दूर करता येतील.